‘पाननिहाय मेनू’ म्हणावं की ‘पानपरत्वे मेनू’?

दारव्हा: ग्रामपंचायतीच्या संकेतस्थळाची कामवही मराठीत लिहून राहिलो. कोणत्या पानावर कोणता नेव्हिगेशन मेनू (दुव्यांची यादी) दिसावा, त्या भागाला मथळा पाहिजे. यंत्राने ‘पृष्ठ-विशिष्ट नौकानयन मेनू’ असं दिलं. त्यातली नाव, म्हणजे होडी, तर काढून टाकली, आता ‘पाननिहाय मेनू’ चालते का?

मोर्शी: निहाय नको भाऊ. ‘तालुकानिहाय पाऊस’ म्हटलं की प्रत्येक तालुक्यापुढे त्याचा वेगळा आकडा येतो. ‘पाननिहाय मेनू’ वाचणारा ऑपरेटर तीस पानांसाठी तीस मेनू करून बसेल, आणि उद्या पाणीपट्टीचा एक दुवा बदलला की तीस ठिकाणी हात घालावा लागेल. ‘पानागणिक’ तर त्याहून वाईट, त्यात दर पानाला नवं काहीतरी असल्याचा भास आहे. ‘परत्वे’ म्हणजे ते बदललं की हे बदलतं: स्थलपरत्वे, व्यक्तिपरत्वे. दहा पानांना एकच मेनू असला तरी शब्द खोटा पडत नाही. काम तसंच असते. मुख्य, कर, दाखले, शेती असे चार मेनू करायचे आणि कोणता कुठे दिसेल ते ठरवायचं. म्हणून मेनू विभागनिहाय, त्याचं दिसणं पानपरत्वे.

चिमूर: परत्वे बरोबर, पण जूमला या संकेतस्थळ बनवायच्या प्रणालीत ‘पान’ या शब्दानेच घोळ होते. तिथे मेनूचं मॉड्यूल (पानावर मेनू दाखवणारा तुकडा) उघडून ‘मेनू असाइनमेंट’मध्ये ‘ओन्ली ऑन द पेजेस सिलेक्टेड’ निवडायचं. नाव पेजेस, पण खाली यादी येते ती मेनूतल्या नोंदींची. ज्या लेखाची मेनूत नोंदच नाही त्याला खूण करता येत नाही. तो लेख दुसऱ्याच, बहुधा मुखपृष्ठाच्या नोंदीखाली उघडतो आणि बाजूला भलताच मेनू दिसतो. उपाय असा: एक लपवलेला मेनू तयार करा, त्याचं मॉड्यूल कुठेच लावू नका, पण अशा लेखांच्या नोंदी त्यात टाका. मग खूण करायला जागा मिळते. कामवहीत जूमलासाठी ‘पान’ न लिहिता ‘नोंद’ लिहा.

द्रुपल या दुसऱ्या प्रणालीत मात्र खरोखर पानाच्या पत्त्यावर चालते. मेनूच्या ब्लॉकच्या सेटिंगमध्ये ‘पेजेस’खाली एका ओळीत एक पत्ता, सुरुवातीला तिरकी रेघ. ‘/कर/*’ लिहिलं तर कराखालची सगळी पानं येतात, पण खुद्द ‘/कर’ येत नाही. त्याची वेगळी ओळ लागते. मेनू आतल्या पानांवर दिसते अन् विभागाच्या पहिल्याच पानावर गायब, असं झालं तर आधी ही ओळ पाहा.

मोर्शी: वर्डप्रेस या तिसऱ्या प्रणालीत जुन्या पद्धतीची थीम (संकेतस्थळाचा साचा) असली तर मेनू पानाला लागतच नाही, थीमने ठेवलेल्या जागेला लागतो. एका जागेत एकच मेनू बसते. पानपरत्वे पाहिजे तर प्लगइन (जोड-प्रोग्राम) घ्या, नाहीतर चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या उपथीममध्ये) अट लिहा. नव्या पद्धतीच्या ब्लॉक थीममध्ये पानासाठी वेगळं टेम्प्लेट (पानाचा आराखडा) करा आणि त्यात वेगळा हेडर (वरचा पट्टा) ठेवा. त्या हेडरमधल्या नेव्हिगेशन ब्लॉकला ‘क्रिएट न्यू मेनू’ द्यायला विसरू नका. जुनाच मेनू राहू दिला आणि त्यात फेरफार केला तर तो सगळीकडे बदलतो.

आर्वी: मथळ्याचं झालं, आता दुव्यांच्या नावांकडेही पाहा ना दादा. कर विभागाच्या मेनूत नुसतं ‘आठचा उतारा’ लिहू नका. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरांच्या कर आकारणीची नोंदवही, आणि ८-अ हा तलाठ्याकडचा जमिनीचा खातेउतारा. बोलताना दोन्ही ‘आठ’च. दुव्यावर ‘घराचा नमुना ८’ असं पुरतं लिहा. तसंच दाखल्यांच्या मेनूत जन्म, मृत्यू, विवाह हे पंचायतीचे. उत्पन्नाचा दाखला तहसीलचा, तो ‘कस्टम लिंक’ म्हणून बाहेर जाईल. नावापुढे ‘(तहसील)’ लिहा, म्हणजे माणूस पंचायतीत खेटे घालणार नाही.

दारव्हा: ताई, हे कामाचं सांगितलं. पानपरत्वे मेनूला बोलीत ‘पांदण’ म्हणावं काय? सडक सगळ्यांची, पांदण त्या त्या वावरांची.

चिमूर: शिकवताना सांगा, लगेच समजते. बटणावर नको. सांगली-कोल्हापूरकडे तिला पाणंद म्हणतात, आणि इकडेही ‘पांदण’ दाबलं की माणूस रस्त्याच्या मंजुरीचे कागद शोधेल.

आर्वी: ‘मेनू’ तसाच ठेवा. मूळ फ्रेंच, लग्नाच्या पंगतीपासून सगळ्यांना ठाऊक. तो मेनू, अनेकवचनातही मेनूच. ‘मेन्यू’ही लिहितात, पण एका कामवहीत एकच रूप ठेवा, नाहीतर शोधताना अर्धे उल्लेख सापडत नाहीत.