ऑफिसात फराळाच्या ऑर्डरी घेताना काय पाळावं?

भाजणी_चाकण

नमस्कार मंडळी. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. मी आणि माझी जाऊ दिवाळीत फराळ करून विकतो: भाजणीची चकली, साट्याच्या करंज्या, अनारसे. आजवर सोसायटी आणि नातेवाईक एवढंच गिऱ्हाईक होतं. यंदा जावेची नोकरी गेली, त्यामुळे काम वाढवायचंच आहे. अनारशाचे तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग पीठ गुळात मुरवायचं. म्हणून ऑर्डरींचा अंदाज लवकर हवा.

डब्यातली चकली खाऊन ऑफिसात बरेच जण विचारतात. डिपार्टमेंटच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर टाकू का? साहेबांना आधी सांगावं का? माझ्या हाताखाली दोन ट्रेनी मुलं आहेत, त्यांना मजल्यावर फिरून ऑर्डरी लिहून घ्यायला सांगितलं तर आनंदाने करतील.

आणि हो, आमच्या मालवाहतुकीचे एक ट्रान्सपोर्टर आहेत. त्यांना कळलं तर म्हणाले, "ताई, ड्रायव्हरांना द्यायला पन्नास बॉक्स माझे." ती एक ऑर्डर मिळाली तरी निम्मा सीझन झाला.

घाटावरचा

बिनधास्त टाका ग्रुपवर. दिवाळीत घरचा फराळ कोणाला नको असतो? आमच्याकडे एक जण मध विकतो, दुसरा हापूसच्या पेट्या आणतो. कोणी काही म्हणत नाही.

जुना_पर्सोनेलवाला

ताई, बाकीचं नंतर. त्या ट्रान्सपोर्टरची बिलं कोण तपासतं?

भाजणी_चाकण

मीच. बिल्टी (माल गाडीत चढवल्याची पावती) आणि पोहोच (माल मिळाल्याची सही) जुळवून मी सही करते, मग बिलं साहेबांकडे जातात.

जुना_पर्सोनेलवाला

मग ती ऑर्डर घेऊ नका. पन्नास बॉक्स म्हणजे किती पैसे याचा अंदाज मला आहे, आणि घरातली एक नोकरी गेलेली असताना हे सांगणं मला जड जातंय. तरीही घेऊ नका.

दिवाळीनंतर कधीतरी त्यांच्या बिलात गाडी दोन दिवस उभी राहिल्याचे पैसे लावलेले असतील. ती खरंच उभी होती का, हे तुम्ही गेटच्या रजिस्टरवरून तपासाल. प्रामाणिकपणेच तपासाल, याबद्दल मला शंका नाही. पण पैसे कापलेत तर ते म्हणतील, फराळ घेऊनही कापले. पास केलेत तर शेजारच्या टेबलावरचा म्हणेल, फराळ घेतला म्हणून पास केले. दोन्हीकडून तुमच्या सहीवर बोट येतं, आणि अकाउंट्समध्ये सहीशिवाय माणसाजवळ असतं काय? त्यांना स्पष्ट सांगा, की तुमची बिलं माझ्याकडे येतात म्हणून तुमच्याकडून ऑर्डर घेता येणार नाही. हवं तर सोसायटीतल्या दुसऱ्या बाईंचं नाव सुचवा. जावेच्या नावावर बिल करणं हा मार्ग काढू नका, पैसे एकाच घरात येतात हे सगळ्यांना माहीत असतं.

आता ट्रेनी मुलं. "आनंदाने करतील" असं तुम्ही लिहिलंय. करतीलही. पण त्यांच्या कन्फर्मेशनच्या कागदावर शेरा तुमचा जातो ना? मग त्यांचा आनंद तुम्हाला कधीच खरा कळणार नाही. त्यांच्याकडून हे काम करून घेऊ नका, आणि त्यांना विकूही नका. आपण होऊन मागितलं तर एक पुडा तसाच द्या.

मी हे इतकं ठासून लिहितोय त्याचं कारण आहे. मी एमआयडीसीतल्या कारखान्यांत पर्सोनेल खात्यात नोकरी केली. एका ठिकाणी लाइन सुपरवायझरच्या घरी साड्यांचा धंदा होता. तो साड्या शॉपफ्लोअरवर आणायचा, हप्त्याने द्यायचा. घेणाऱ्या बहुतेक कंत्राटी बायका. ओव्हरटाइमच्या चिठ्ठीवर सही त्याचीच. वर्षभर एकही तक्रार आली नाही, म्हणून सगळे समजत होते की सगळं छान चाललंय. कंत्राट बदललं, जुन्या बायका निघाल्या, हिशेब करताना हप्ते बाकी निघाले तेव्हा त्या बोलल्या. एक म्हणाली, मला साडी नकोच होती, पोरांना कपडे घ्यायचे होते, पण नाही म्हटलं असतं तर ओव्हरटाइम दुसरीला गेला असता. तो सुपरवायझर लबाड नव्हता. सवलतीत देऊन आपण त्यांचं भलं करतोय असं त्याला मनापासून वाटत होतं. ज्याच्या हातात दुसऱ्याची पोळी आहे त्याला "नको" ऐकूच येत नाही, कारण ते कोणी म्हणतच नाही.

घाटावरचा यांचं "कोणी काही म्हणत नाही" मला म्हणूनच पुरेसं वाटत नाही.

बाकी विका, जरूर विका. घरच्या कष्टाला गिऱ्हाईक शोधण्यात कमीपणा कसला? फक्त समोरच्याला नाही म्हणावं लागू नये अशी सोय करा. ग्रुपवर दर टाकलेत की तिथे चाळीस माणसं बघतात, कोणी अंगठा दिला, कोणी दिला नाही, हे सगळ्यांना दिसतं. त्यापेक्षा व्हॉट्सअॅप स्टेटस ठेवा. ज्याला हवं तो स्वतःहून विचारेल, नको तो पुढे जाईल, तुम्हाला वाईट वाटायला नको आणि त्यालाही. डबा मात्र मोकळेपणाने उघडा, चकली स्वतः बोलते.

साहेबांना आधी सांगा, आणि एचआरला चार ओळींचा मेल करा. नेमणूकपत्र काढून वाचा. लेखी परवानगीशिवाय दुसरा व्यवसाय करू नये असं कलम बहुतेक पत्रांत असतंच. २०२२मध्ये आयटीत दुसऱ्या कामांवरून केवढा गदारोळ झाला, विप्रोने ३०० जणांना काढलं, ते प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करत असल्याचं सांगून. तुमचं प्रकरण त्या जातीचं नाही, पण परवानगी कागदावर असली की उद्या साहेब बदलले तरी तुम्ही निर्धास्त. त्याच मेलमध्ये विचारा, दिवाळीआधी कँटीनमध्ये एक दिवस स्टॉल लावता येईल का, कर्मचाऱ्यांच्या घरचं जे काही असेल त्या सगळ्यांसाठी. बऱ्याच कंपन्या देतात.

पाकिटं आत आणू नका. गेटवर एंट्री, बाहेर नेताना पास, वॉचमनशी हुज्जत, कशाला? सुटल्यावर गेटबाहेर किंवा बसथांब्यावर द्या. आणि पैसे आधी. ऑफिसात उधारी ठेवलीत की महिनाभर त्या माणसाशी बिलाबद्दल बोलताना तुमच्या डोक्यात चकलीचे पैसे असतील.

ट्रेझरीतली

सरकारी नोकरीत असाल तर हे याहून कडक आहे, म्हणून लिहिते. आम्हाला महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू. पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. घरच्या कोणाची विमा किंवा कमिशन एजन्सी असेल तर तिच्यासाठी कार्यालयात शब्द टाकणंसुद्धा नियमभंग धरला जातो. माझे मिस्टर विमा एजंट आहेत. पॉलिसीबद्दल कोणी विचारलं तर मी विषय बदलते, त्यांचा नंबरही देत नाही. नातं जपायला ते बरंच पडलंय.

भाजणी_चाकण, अन्नसुरक्षेची नोंदणी केली आहे का? घरून विकतानाही लागते. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या फॉस्कॉस पोर्टलवर अर्ज करा, १४ आकडी क्रमांक मिळतो, तो पाकिटावर छापा. कँटीनमध्ये स्टॉल मागाल तेव्हा एचआर सगळ्यात आधी तेच विचारेल.

भाजणी_चाकण

सगळ्यांचे आभार. ट्रान्सपोर्टरना आज फोन करून नाही सांगितलं. "ताई, त्यात काय एवढं" म्हणाले, पण ऐकलं. जावेला वाईट वाटलं, साहजिक आहे. आता तीच पोर्टलवर नोंदणीचा अर्ज भरतेय, मी एचआरचा मेल लिहितेय. पर्सोनेलवाले काका, आमच्या कंपनीची बस सगळ्यांना एकाच चौकात सोडते. तिथे पाकिटं दिली तर चालेल ना, की बससुद्धा कंपनीच्या आवारात धरायची?

जुना_पर्सोनेलवाला

बसमध्ये नको, खाली उतरल्यावर द्या. आणि माझ्यासाठी एक किलो चकली लिहून ठेवा, पैसे आधी पाठवतो.