मदत हवी आहे : डी आन्झा कॉलेज, एच-४ व्हिसा आणि फीचे दोन आकडे

वाळवण
सनीव्हेलला मे महिन्यापासून आहे, व्हिसा एच-४ (एच-१बी नोकरी-व्हिसावाल्याच्या जोडीदाराचा), शिक्षण पुण्याचं बी.कॉम. कुपर्टिनोच्या डी आन्झा कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंग किंवा बालशिक्षणाचे कोर्स करायचे आहेत. व्हिसा बदलावा लागतो का? फीचे दोन आकडे दिसतात, त्यातला मला कुठला लागू? आणि हे कॉलेज सरकारी आहे का? इथल्या सर्टिफिकेटला किंमत आहे का?

कुपर्टिनोकर
व्हिसा बदलू नका. एच-४ वर अर्धवेळ-पूर्णवेळ कसंही शिकता येतं. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) घेतलात तर उलट नुकसान, कारण एफ-१ वर कॅलिफोर्नियाचं रहिवासीपण सिद्धच करता येत नाही. एच-४ वर येतं. फीचा सगळा खेळ तिथेच आहे.

रहिवाशांना एका क्वार्टर युनिटला ३१ डॉलर. (क्वार्टर म्हणजे साधारण तीन महिन्यांचं सत्र, युनिट म्हणजे कोर्सचे श्रेयांक.) म्हणजे ५ युनिटांचा कोर्स १५५ डॉलर, वर किरकोळ शुल्क आणि पुस्तकं. बाहेरच्यांना याच्या कितीतरी पट. रहिवासी ठरायला क्वार्टर सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस पूर्ण हवा, आणि इथेच राहायचा इरादा कागदांवर दिसायला हवा. मेमध्ये आला असाल तर येत्या सप्टेंबरचं फॉल क्वार्टर बाहेरच्या दराने पडेल. पुढच्या वर्षीच्या समर क्वार्टरपासून तुम्ही रहिवाशांच्या दरात बसता.

बहुतेकांचं अडतं ते कागदांवर. भाडेकरार, वीजबिल, बँक खातं सगळं नवऱ्याच्या नावावर, आणि बायकोच्या नावाचा वर्षभराचा एकही कागद नाही! म्हणून याच आठवड्यात करायच्या गोष्टी:
- भाडेकरारात तुमचं नाव घालून घ्या.
- बँक खातं जोडनावावर करा.
- कॅलिफोर्नियाचं ड्रायव्हिंग लायसन्स काढा. एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) मिळण्यास पात्र नसलात तरी एच-४ वर ते मिळतं.
- टॅक्स रिटर्न एकत्र भरा. एसएसएन नसेल तर फेडरल रिटर्नसोबत डब्ल्यू-७ अर्ज जोडून आयटीआयएन (एसएसएन नसलेल्यांचा टॅक्स क्रमांक) मागवा. राज्याचं रिटर्नही भरा.

आधी बी-२ (पर्यटक व्हिसा) वर येऊन मग एच-४ झाला असेल तर बी-२ चे महिने धरत नाहीत. वर्ष एच-४ पासून मोजा.

पारिजातक
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. पूर्णपणे सार्वजनिक कॉलेज आहे. फूटहिल-डी आन्झा डिस्ट्रिक्ट १९५७ साली स्थापन झाला, फूटहिल १९५८ मध्ये सुरू झालं, डी आन्झा १९६७ मध्ये. मधल्या काळात, १९६० साली, कॅलिफोर्नियाने उच्चशिक्षणाचा मास्टर प्लॅन केला : वर यूसी (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया), मग स्टेट युनिव्हर्सिटी, आणि तळाशी सर्वांना दार उघडं असलेली दोन वर्षांची कॉलेजं. फी आजही इतकी कमी आहे ती त्या धोरणामुळे, दर्जा हलका म्हणून नव्हे. मान्यता एसीसीजेसीची (अशा दोन वर्षांच्या कॉलेजांना मान्यता देणाऱ्या संस्थेची) आहे, आणि इथले ट्रान्सफरेबल (पुढे विद्यापीठात धरले जाणारे) युनिट यूसीतही चालतात.

जागा मुळात द्राक्षमळ्याची. आवारातली 'ल पेती त्रियानों' ही इमारत त्या काळातली, आणि आवारातल्याच फ्लिंट सेंटरमध्ये २४ जानेवारी १९८४ ला ॲपलचा पहिला मॅकिंटॉश संगणक जगासमोर आला. (ते नाट्यगृह २०१९ मध्ये बंद झालं.) ॲपलचा सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲकही बर्कलीला जाण्याआधी इथे शिकला.

हिशेबनीस
अकाउंटिंग कशासाठी, ते आधी ठरवा. नोकरीपुरतं हवं असेल तर सर्टिफिकेट पुरे. सीपीए (आपल्या सीएसारखा इथला परवाना) डोक्यात असेल तर पहिला कोर्स घेण्याआधी पुण्याचं ट्रान्सक्रिप्ट मूल्यांकनाला पाठवा, कारण भारतातल्या कुठल्या विषयाचे किती युनिट धरले, यावर इथे काय उरतं ते ठरतं. आणि इथे फसगत होते : सीपीए परवाना देणाऱ्या कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीची मूल्यांकन संस्थांची स्वतःची यादी आहे. त्या यादीबाहेरच्या संस्थेला भरलेले पैसे बोर्डापुरते वाया.

दुसरी नेहमीची चूक हिशेबाची. डी आन्झाचे युनिट क्वार्टरचे, नियमांतले आकडे बहुधा सेमिस्टरचे. दोन तृतीयांशाने गुणा. ५ युनिटांचा कोर्स म्हणजे ३.३३ सेमिस्टर युनिट, ५ नव्हे.

पारिजातक
बालशिक्षणात हाच हिशेब उलटा. राज्याच्या नियमानुसार परवानाधारक बालसंगोपन केंद्रात पूर्ण पात्र शिक्षिकेला १२ सेमिस्टर युनिट लागतात, म्हणजे इथले १८. बालविकास, 'मूल-कुटुंब-समाज' आणि अभ्यासक्रम हे विषय त्यात आलेच पाहिजेत. ६ सेमिस्टर युनिट (इथले ९) झाले की कामाला सुरुवात करता येते, उरलेले काम करता करता. फक्त एक : वर्क परमिटशिवाय पगारी काम नाही. एच-४ वरचा वर्क परमिट (ईएडी) २०१५ पासून मिळतो, पण सर्वसाधारणपणे जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाल्यावरच. तो नसेल तर युनिट आत्ता जमवा, काम नंतर.

वाळवण
मनापासून आभार. मग वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच करू नये का?

कुपर्टिनोकर
नॉनक्रेडिट (युनिट न मिळणारे) वर्ग घ्या, त्यांना प्रवेशशुल्क नसतं. इंग्रजी लेखनाची भीती असेल तर तिथूनच सुरुवात करा, पुढे प्रत्येक विषयात ते लागतं. लेखनाचा मुख्य कोर्स पूर्वी 'ईडब्ल्यूआरटी १ए' होता, आता राज्यभर 'इंग्लिश सी१०००' असा दिसतो. जुन्या सल्ल्यांत जुनं नाव सापडेल, गोंधळू नका.

पुढच्या वर्षी अर्ज करताना पत्ता, व्हिसाचा प्रकार आणि कॅलिफोर्नियात आल्याची तारीख नीट तपासा. एक तारीख चुकली की सिस्टीम 'नॉन-रेसिडेंट' ठरवते आणि मग कागद घेऊन अ‍ॅडमिशन्स ऑफिसला पटवत बसावं लागतं. ते काम क्वार्टर सुरू होण्याआधीच उरका.

पहिल्या क्वार्टरला दोनच कोर्स. नेहमीचं क्वार्टर १२ आठवड्यांचं असतं, चौथ्या-पाचव्या आठवड्यात पहिली परीक्षा येऊन ठेपते. झेपत नसेल तर साधारण पहिल्या दोन आठवड्यांत सोडला की नोंद राहत नाही. नंतर 'डब्ल्यू' (कोर्स सोडल्याचा शेरा) लागतो. नेमकी तारीख प्रत्येक कोर्सची पोर्टलवर दिलेली असते. आणि पहिल्या तासाला हजर राहा, ऑनलाइन असेल तर पहिल्याच दिवशी लॉगिन करा. न आलेल्यांची नावं काढून शिक्षक वेटलिस्टवरच्यांना घेतात.