उचललेला नांगर डुलतो, इंजिन बंद केलं की खाली बसतो. व्हॉल्व्ह की पंप?

नमस्कार मंडळी. मोहोळजवळ शेती आहे, काळी भारी जमीन. ट्रॅक्टर १९९८ सालचा, ३५ एचपी. हायड्रोलिकचा गियर पंप इंजिनाच्या बाजूला आणि कंट्रोल व्हॉल्व्ह मागं लिफ्टच्या झाकणात.

सकाळी पलटी नांगर एका दमात उचलतो. तासाभरानं तेल तापलं की बांधावर वळताना डुलायला लागतो. चार बोटं खाली, लगेच वर, परत खाली. म्हैस मान हलवते तसं! इंजिन बंद केलं तर तीन-चार मिनिटांत फाळ जमिनीला. लिव्हर पोझिशनचीच (ठरलेली उंची धरणारी) वापरतो, ड्राफ्टला (मातीच्या ओढीप्रमाणं नांगर वर-खाली करणारी) हात लावलेला नाही.

तेल बदललं, जाळी धुतली. मिस्त्रीनं झाकण उतरवून पिस्टनची सीलही बदलली. दोन दिवस बरं वाटलं, पण तेव्हा मागं हलकी फणपाळी होती. आता तो म्हणतो पंपच गेलाय. जुनं तेल दुधाळ निघालं होतं. पावसाळाभर ट्रॅक्टर उघड्यावर ठेवला, ती चूक माझीच. ज्वारीची पेरणी तोंडावर आली आहे. काय बघू?

प्रतिसाद:
दादा, एवढ्यात पंप घेऊ नका. इंजिन बंद असताना पंप फिरतच नाही, मग नांगर त्याच्यामुळं कसा बसेल? लिफ्टच्या सिलिंडरमध्ये कोंडलेलं तेल कुठूनतरी निसटतंय. तेल तापून पातळ झालं की जास्त निसटतं. नांगर जरा उतरला की आतली दांडी व्हॉल्व्ह उघडते आणि तो परत वर येतो, म्हणून डुलतो. सील नवी आहे, म्हणजे राहिला चेक व्हॉल्व्ह (तेल मागं फिरू न देणारा), स्पूल (कंट्रोल व्हॉल्व्हमधली सरकती दांडी), सिलिंडरचा सेफ्टी व्हॉल्व्ह (दाब फार वाढला तर तेल सोडणारा) आणि तेलाच्या वाटेवरच्या ओ-रिंगा (रबरी कड्या). दुधाळ तेल म्हणजे पाणी, त्यानं चेक व्हॉल्व्हच्या सीटवर (तो जिथं घट्ट बसतो ती जागा) गंज धरला असेल. मी आधी तिथंच बघेन. तापल्यावर उचलायलाही वेळ लागतो का? लागत असेल तर पंपाचा संशय घ्या. आणि नांगर टेकवूनच काम करा, लिफ्टच्या भरवशावर खाली शिरू नका.

धागाकर्ता:
नाही, उचलतो झटक्यात, तापल्यावरसुद्धा. मिस्त्रीला फोन केला, ओ-रिंगा जुन्याच बसवल्या म्हणाला. उद्या झाकण परत उतरवतोय. चेक व्हॉल्व्हची सीट घासून चालते का, की नवीनच टाकावी?