स्टँडवर राहणाऱ्या आजोबांना एसटीने दवाखान्यात कसं पाठवायचं? कागद एकही नाही

किनारा_खानावळ

नमस्कार मंडळी. एसटी स्टँडसमोर आमची खानावळ आहे, दापोली-गुहागर पट्ट्यात. गावाचं नाव मुद्दाम देत नाही. स्टँडवर एक आजोबा राहतात. वय विचारलं की म्हणतात, "कोयनेचा भूकंप झाला तेव्हा माझी दोन पोरं चालत होती." भूकंप 1967 चा, म्हणजे ऐंशीच्या आसपास असणार.

त्यांच्या उजव्या घोट्याजवळ जखम आहे, शुगरमुळे भरत नाही. डॉक्टरांनी आठवड्याला ड्रेसिंगला बोलावलंय. 15 ऑगस्ट 2023 पासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे आणि आजोबांना ते नीट मिळतंय. पण रुग्णालय इथून दोन गाड्या बदलून. गेल्या खेपेला दुसऱ्या गाडीतून त्यांना मधल्या फाट्यावर उतरवलं. आधार कार्ड नाही म्हणून फुकट नाही, आणि तिकिटाला खिशात पैसे नाहीत. पाऊस धो धो. तसेच लंगडत परत आले. मी चप्पल काढायला लावली तर पट्टीत चिखल गेलेला, आणि आतून वास येत होता. दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

आमचे हे कधीकधी मोटरसायकलवर नेतात, पण पावसात तो पाय लोंबकळत ठेवून एवढं अंतर न्यायचं म्हणजे भीती वाटते. मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. कागद नसताना एसटीत काही सवलत मिळते का? आणि पैसे त्यांच्या हातात द्यावेत, की दुसरं काही करावं?

निवृत्त_वाहक

वयनी, माझी हयात एसटीत गेली, म्हणून सविस्तर लिहितो.

75 वर्षं पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट 2022 पासून अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत राज्यभर फुकट प्रवास आहे. 65 ते 75 वयाला अर्धं तिकीट. आजोबांना एक पैसा पडायला नको. पण वाहकाला वयाचा पुरावा बघावाच लागतो: आधार, मतदार ओळखपत्र, पॅन, सरकारने दिलेलं काहीही चालतं. वाहक फुकटवाल्यालाही शून्य रुपयांचं तिकीट फाडून देतो आणि त्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं. मध्येच तपासणी पथक चढलं आणि त्या तिकिटामागे पुरावा नसला, तर केस वाहकावर होते. माणूस समोर म्हातारा दिसतोय, हे पथकाला सांगून भागत नाही. म्हणून वाहक अडतो. तरीही जखमी माणसाला पावसात फाट्यावर उतरवणं मला पटलेलं नाही. पुढच्या स्टँडपर्यंत नेऊन वाहतूक नियंत्रकासमोर उभं करता आलं असतं.

कागद होईपर्यंत असं करा. पैसे हातात देऊ नका. आजोबा उधळतील म्हणून नव्हे, स्टँडवर झोपणाऱ्याच्या खिशातले पैसे रात्रीत जातात म्हणून. गाडी लागली की आपण स्वतः वाहकाला गाठा, पूर्ण तिकिटाचे पैसे द्या, तिकीट आजोबांच्या हातात ठेवा आणि सांगा, "बाबांना रुग्णालयाच्या थांब्याला उतरवा, पाय दुखावलाय, दाराजवळ बसवा." दुसऱ्या गाडीचे आणि परतीचे सुटे पैसे केसपेपरबरोबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याला आतून पिन लावा. शक्य तर रोज त्या फेरीला जाणारा एखादा कॉलेजचा पोरगा किंवा शिक्षक बघून ठेवा. सकाळच्या गाडीला तीच माणसं असतात, आठवड्याभरात ओळख होते.

निघण्यापूर्वी आंघोळ आणि धुतलेला सदरा एवढं जमवा. हे लिहिताना मला वाईट वाटतं, पण गाडीतली माणसं कागदाआधी कपडे बघतात.

सेतूवाला_मंडणगड

काका म्हणतात ते बरोबर. मी आधारच्या कामात आहे, माझा अनुभव सांगतो.

पहिली गोष्ट, नवीन आधारच्या मागे लागण्याआधी जुनं शोधा. या वयाच्या बहुतेकांचं पहिल्या काही वर्षांतच झालेलं असतं, फक्त कार्ड हरवलेलं असतं. नाव, जिल्हा आणि बोटांचे ठसे एवढ्यावर आधार केंद्रात जुनं सापडू शकतं. बोटं झिजलेली असतील तर डोळ्यांवरून. जुनं असताना नवीन नोंदणी केलीत तर ती महिनाभराने नाकारली जाते आणि तेवढे दिवस फुकट जातात.

खरोखरच झालेलं नसेल तर घर नसल्यामुळे अडत नाही. आधारचा ठरलेला प्रमाणपत्राचा नमुना आहे. त्यावर फोटो लावून तहसीलदार, आमदार, नगरसेवक किंवा निवारागृहाचे अधीक्षक सही-शिक्का देऊ शकतात. ओळख आणि पत्ता दोन्हीसाठी तो एकच कागद चालतो, पण तीन महिन्यांच्या आत वापरावा लागतो. नोंदणीला पैसे नाहीत, कुणी मागितले तर देऊ नका. मात्र अठरा वर्षांवरच्या माणसाची पहिलीच नोंदणी असेल तर राज्य सरकारकडून पडताळणी होते आणि त्यात महिने जातात. म्हणून मतदार ओळखपत्राचं काम बरोबरीने सुरू करा. बेघर माणसाला फॉर्म 6, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरताना राहण्याचा पुरावा लागत नाही. बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याने, रात्री येऊन, एकाहून जास्त रात्री, माणूस तिथे खरंच झोपतो का हे बघायचं असतं. आमच्याकडचे एक गुरुजी असे बॅटरी घेऊन बाजारपेठेत आले होते, आणि त्या बाईंचं नाव यादीत लागलं. फॉर्मवर जागा स्पष्ट लिहा: स्टँड, कुठला फलाट, कुठलं बाकडं.

आजोबांनी गावाचं नाव सांगितलं असेल तर तिथल्या मतदार यादीतही बघा. पोरं सोडून गेली तरी नाव कित्येकदा तसंच राहिलेलं असतं.

किनारा_खानावळ

मनापासून आभार. जुनं आधार शोधायचं हे डोक्यातच आलं नव्हतं. गाव खेडच्या बाजूचं सांगतात, ती यादी बघते.

अजून एक. स्टँडवर एक बाईसुद्धा आहे, चाळिशीची असेल. भाषा कानडी वाटते. स्वतःशी बोलते, कुणी जवळ गेलं की गाठोडं छातीशी धरते. काल बाजारात एकजण म्हणाला, "वर्गणी काढू आणि कोल्हापूरच्या गाडीत बसवून देऊ, तिथून जाईल आपल्या मुलखात."

निवृत्त_वाहक

असं कृपा करून होऊ देऊ नका! रात्रीच्या शेवटच्या गाडीत अशी माणसं बसवून, तिकीट काढून, मागे वळूनही न बघता गेलेले लोक मी पाहिलेत. शेवटच्या थांब्यावर सगळे उतरतात आणि हा माणूस सीटवरच बसून राहतो. त्याला आपण कुठे आलो हेही कळत नाही. त्या बाईचं अर्धं तिकीट कागदाशिवायही मिळेल, मार्च 2023 पासून सगळ्या महिलांना ते आहेच. पण तिला आधी माणसाची सोबत हवी.

कुडाळची_नर्स

ताई, त्या बाईंसाठी पोलीस ठाण्यात जा. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याचं कलम 100 सांगा. अशा भटकणाऱ्या व्यक्तीला संरक्षण देणं हे पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं काम आहे. 24 तासांच्या आत सरकारी रुग्णालयात न्यायचं, आणि बेघर असेल तर हरवल्याची नोंद करून घरच्यांचा शोधही त्यांनीच घ्यायचा. म्हणजे हा प्रवास पोलिसांच्या गाडीतून व्हायला हवा, वर्गणीच्या तिकिटावर नाही. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, लांब जायला नको. बरोबर एक बाई द्या, आणि गाठोडं काढून घेऊ देऊ नका. एका पेशंटच्या गाठोड्यात पिवळं पडलेलं रेशन कार्ड होतं. त्यावरून तिचं गाव सापडलं.

बरी झाल्यावर घरी पोचवण्याचं काम कर्जतचं डॉ. भरत वाटवानींचं श्रद्धा फाउंडेशन करतं. त्यांची माणसं पेशंटबरोबर दुसऱ्या राज्यातल्या घरापर्यंत जातात. आमच्या बाजूला पणदूरच्या संविता आश्रमात निराधारांना ठेवून घेतात.

आणि सगळ्यांनाच सांगते, आपल्या तालुक्यांच्या गावांत रात्रनिवारा का नाही? केंद्राच्या योजनेत निकष होता एक लाख शहरी वस्तीमागे एक निवाऱ्याचा. आपली गावं त्यात बसली नाहीत, म्हणून स्टँड हाच निवारा झालाय. नगरपंचायतीकडे निदान एका खोलीची मागणी लेखी द्या आणि पोच घ्या.

किनारा_खानावळ

ठाण्यात उद्या सकाळी जाते, शेजारच्या शिंपीणकाकू बरोबर येतायत. ड्रेसिंग सोमवारी आहे. काका, वाहकाशी कसं बोलायचं ते कळलं. आमच्याकडे जेवायला येणारे एक सर त्याच पहिल्या गाडीने जातात, त्यांना आज रात्री विचारते. आधार केंद्र रुग्णालयाच्या वाटेवरच आहे, तर ड्रेसिंग झाल्यावर त्याच फेरीत आजोबांचे ठसे देऊन बघितले तर चालेल ना? तिथे कोणी अडवलं तर नेमकं काय मागायचं, तेवढं लिहून ठेवा.

सेतूवाला_मंडणगड

चालेल. "हरवलेला आधार क्रमांक शोधून प्रिंट द्या" एवढंच म्हणा, नवीन नोंदणी म्हणू नका. पिनकोड आजोबांच्या जुन्या गावचा सांगा, स्टँडचा नाही.