मदत हवी आहे: मुक्तस्रोत प्रकल्पात शेवटचा शब्द कोणाचा?

नमस्कार मंडळी,

जुन्या फाँटांतला मजकूर युनिकोडमध्ये (आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात) आणणारा एक छोटा मुक्तस्रोत, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेला, प्रकल्प आम्ही सहा जण फावल्या वेळात चालवतो. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फाँटांत टाइप झालेली पुस्तकं, दिवाळी अंकांच्या पेजमेकर फायली, संस्थांचे जुने अहवाल असं बरंच काही लोक घेऊन येतात. पैसे कोणालाच मिळत नाहीत आणि त्याबद्दल कोणाची तक्रारही नाही. घोडं अडलंय ते निर्णयापाशी.

ताजं भांडण अर्ध्या 'र'चं. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यातला तो आडवा र दोन प्रकारे साठवता येतो. एक, नुक्ता असलेल्या ऱचा पाय मोडून. दोन, साध्या रचा पाय मोडून पुढे झेडडब्ल्यूजे, म्हणजे न दिसणारं जोडचिन्ह घालून. हे बघा: दुसऱ्या, दुसर्‍या. पडद्यावर फरक दिसला तर कळवा! शोधायला गेलं की मात्र बऱ्याच ठिकाणी एकातलं दुसऱ्यात सापडत नाही. युनिकोडची पसंती पहिल्या पद्धतीला आहे, दुसरी जुन्या आवृत्तीशी जुळवून घ्यायला ठेवलेली आहे. आमच्यातल्या एकीने (निम्मा कोड तिचाच) पहिली पद्धत लावली. दुसऱ्या एकाने ती उलटवली, कारण तो ज्या ग्रंथालयाला मदत करतो त्यांचा सगळा साठा झेडडब्ल्यूजेवाला आहे. आता गिटच्या, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात ओळीने 'रिव्हर्ट' (बदल मागे), 'रिव्हर्टचं रिव्हर्ट' आणि 'कृपया आता हात लावू नका' अशा नोंदी आहेत.

प्रकल्प ज्यांनी सुरू केला त्यांना आम्ही सगळे सर म्हणतो. रेपोचे (कोडच्या साठ्याचे) मालक तेच, डोमेन त्यांच्या नावावर, पॅकेज प्रकाशित करायचा अधिकारही फक्त त्यांच्याकडे. हल्ली त्यांना वेळ होत नाही. विचारलं की म्हणतात, "तुम्ही ठरवा रे." ठरवलं की महिन्याभराने मेल येते, "हे कधी ठरलं?"

गटात एकाचं म्हणणं मतदान घ्या. मला ते पटत नाही. नोकरीत हरलेल्या माणसाला काम सांगता येतं, इथे तो लॅपटॉप मिटून मोकळा. शिवाय मत कोणाला द्यायचं? एकदा ऱ्हस्व-दीर्घ सुधारून गेलेल्यालाही? दुसरा म्हणतो, जो राबतो त्याचं चालेल. पण इथे दोघंही राबताहेत. आणि एका कॉलेजातल्या मुलाची पुल रिक्वेस्ट ('माझा बदल सामील करून घ्या' ही विनंती) दिवाळीपासून तशीच पडून आहे. त्याला कोणी नाही म्हटलं नाही आणि हो तर नाहीच नाही. तो आता जायच्या बेतात आहे.

सहा जणांना झेपेल अशी पद्धत कोणी वापरलीय का? आणि सरांशी हे कसं बोलावं? 'फोर्क करा' (कोडची प्रत घेऊन वेगळा प्रकल्प काढा) हा सल्ला कृपया नको. सहाचे तीन-तीन होऊन काम कोण करणार?

– पायमोडका

कट्टेकरी: ऑप्शन द्या की. ज्याला जे हवं ते निवडेल. वाद मिटला.

पायमोडका: दिलाय. आता वाद डिफॉल्ट कोणता यावर आहे.

नेटकी: त्या मुलाच्या पुल रिक्वेस्टपासून सुरुवात करा. तुमच्याकडे आज गप्प बसणं म्हणजे नकार आहे आणि तो कोणी दिला तेही कळत नाही. अपाचे या मुक्तस्रोत संस्थेत याच्या बरोबर उलट चालतं. बदल सुचवायचा, साधारण 72 तास थांबायचं, कोणी हरकत घेतली नाही तर संमती समजून पुढे जायचं. कोडमधल्या बदलाला -1, म्हणजे विरोधी मत, देऊन अडवता येतं, पण तांत्रिक कारण द्यावं लागतं. 'मला बरं वाटत नाही' चालत नाही. रिलीजचा नियम वेगळा: किमान तीन +1 (होकार) आणि तेही -1 पेक्षा जास्त. तिथे एकट्याला नकाराधिकार नाही. तुम्ही सगळे नोकरी सांभाळून करता, तेव्हा 72 तासांऐवजी एक आठवडा धरा, म्हणजे मध्ये शनिवार-रविवार येतो.

जुनंखोड: नेटकीताईंचं बरोबर, पण त्याने अर्धा 'र' सुटणार नाही. तिथे दोघांकडेही खणखणीत तांत्रिक कारण आहे आणि दोघंही -1 देतील. कोंडी फोडणारं कोणीतरी लागतंच.

मतदानावर तुमचा आक्षेप रास्त आहे, त्याचं उत्तर डेबियन या लिनक्स प्रकल्पाच्या घटनेत सापडेल. 1998 पासून त्यांच्याकडे लिखित घटना आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय की कोणावरही काम करायची सक्ती नाही, सोपवलेलं कामही नाकारता येतं. मात्र रीतसर झालेल्या निर्णयाविरुद्ध मुद्दाम काम करायचं नाही. हरलेल्याला राबवायचं नाही, फक्त रिव्हर्ट करू द्यायचं नाही. तुमच्या गटाला एवढं एक वाक्य जरी लिहून घेता आलं तरी निम्मी कटकट संपेल.

आता सावधगिरीची गोष्ट. 2014 साली सिस्टमडी डिफॉल्ट ठेवायचं की अपस्टार्ट (दोन्ही संगणक सुरू होताना बाकीच्या सेवा चालू करणाऱ्या प्रणाली), हे डेबियनच्या तांत्रिक समितीपुढे आलं. आठ सदस्य, मतं समसमान, अखेर अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी आलं. नियमाप्रमाणे सगळं चोख. तरी धुसफूस थांबली नाही आणि त्याच वर्षी देवुआन नावाचा फोर्क जाहीर झाला. तुम्ही सहा आहात, म्हणजे सम संख्या. कोंडी फोडायला तिघांना नेमा आणि वर्षाने बदला.

कट्टेकरी: पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेवाल्यांनीही असंच केलं ना?

जुनंखोड: साधारण तसंच. भाषेचे जनक गिदो व्हान रॉसम यांच्याकडे शेवटचा शब्द होता. 2018 मध्ये := या चिन्हाच्या प्रस्तावावर इतकी हाणामारी झाली की तो मंजूर करून जुलैमध्ये त्यांनी ती खुर्ची सोडली आणि वारसही नेमला नाही. पुढचं तुम्हीच ठरवा म्हणाले. मग कोअर डेव्हलपरांनी कारभाराचे वेगवेगळे आराखडे मांडले आणि डिसेंबरात मतदान करून पाच जणांची सुकाणू समिती निवडायची पद्धत घेतली. एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य चालत नाहीत. आणि समितीने आपले अधिकार शक्य तितके कमी वापरावेत असं नियमातच आहे. सहा जणांत पाचांची समिती म्हणजे विनोद होईल, पण ही शेवटची ओळ उचला.

नेटकी: एक राहिलं. निर्णय कोणाचा आणि किल्ल्या कोणाकडे हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र काढू नका. सरांना 'तुमचा अधिकार' म्हणून विषय काढलात तर वाईट वाटेल. 'पॅकेजचा टू-फॅक्टर कोड फक्त तुमच्या फोनवर येतो, फोन हरवला तर काय' असा काढा. दोन जुन्या, तुम्ही प्रत्यक्ष भेटलेल्या माणसांना प्रकाशनाचा अधिकार द्यायला सांगा. मदतीला धावून आलेल्या अनोळखी माणसाला मात्र घाईने नको. एक्सझेड या फायली आकसवणाऱ्या साधनात थकलेल्या एकट्या मेंटेनरवर (देखभाल करणाऱ्यावर) लोकांनी दुसरा मेंटेनर घ्या म्हणून दबाव आणला, दोनेक वर्षं गोड बोलून काम करणाऱ्याला अधिकार मिळाले आणि त्याने मागचं दार बसवलं. मार्च 2024 मध्ये ते सापडलं, तेही एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतोय म्हणून एकाने खोदून पाहिलं, तेव्हा.

मग सरांनाच विचारा, कोणत्या गोष्टी तुम्हाला विचारल्याशिवाय करू नयेत? परवाना बदलणं, प्रकल्पाचं नाव, देणग्या, असं काही सांगतील. तेवढं लिहून घ्या. बाकीच्यावर आठवड्याचा नियम लावा, त्यांच्यासाठीसुद्धा.

पायमोडका: धन्यवाद. सरांनाच यादी करायला सांगायची हे डोक्यात आलं नव्हतं. रविवारी त्यांच्याकडे जातोय, फोनवर हा विषय नको. तिघांच्या नेमणुकीचं आणि डेबियनच्या त्या वाक्याचं गटात टाकलं, रिव्हर्टवाल्या दोघांनीही हो म्हटलंय, हेच मोठं आश्चर्य. त्या मुलाची पुल रिक्वेस्ट आज आठवड्याच्या मुदतीवर लावली.

एकच विचारायचं राहिलं. नवा नियम पहिल्यांदा अर्ध्या 'र'वरच लावायचा का? मला वाटतं आधी एखाद्या बिनविषारी इश्यूवर (नोंदवलेल्या प्रश्नावर) करून बघावं. उघड्या इश्यूंपैकी रीडमीत (प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फायलीत) मराठी वर की इंग्रजी वर हाही एक आहे, तो सोडून काही सुचवा.