'पवित्र', 'सोवळं' आणि 'चोख'

प्रश्न (वाशीम जिल्हा)

आमच्या मंडळीत बुधवारी बायकांचा बायबल वर्ग असतो. या वेळी पेत्राच्या पहिल्या पत्रातलं 1:15 घेतलं. सगळ्या आचरणात पवित्र व्हा, असं तिथं आहे. मी विचारलं, पवित्र जगायचं म्हणजे कसं? कोणी म्हणालं, तंबाखू सोडायची. कोणी म्हणालं, रविवारी वावरात जायचं नाही. मागं बसलेली एक कापूस वेचणीवाली हळूच म्हणाली, "आमाले कुठून जमते ताई, दिवसभर मातीतच हात रायते." ते मनाला फार लागलं. तिनं 'पवित्र'चा अर्थ 'सोवळं' असा घेतला होता, आणि तो तिच्या कानावर आम्हीच घातला असणार. मूळ शब्दात नेमकं काय आहे? तिला कळेल असा दुसरा मराठी शब्द आहे का?

उत्तर

ताई, 'पवित्र' हा 'पू' धातूपासून आला. पू म्हणजे शुद्ध करणे. वेदकाळी सोमरस गाळायच्या गाळणीला पवित्र म्हणत, आणि धार्मिक विधीत अनामिकेत घालतात ती दर्भाची अंगठीही पवित्रच. म्हणजे आपल्या शब्दाच्या मुळाशी गाळणं, निवळणं आहे. पेत्र पुढच्याच वचनात जुन्या करारातलं वाक्य देतो, आणि तिथल्या हिब्रू 'कादोश' या शब्दात जोर वेगळा आहे. देवासाठी बाजूला काढलेलं, त्याच्या मालकीचं, ते कादोश. बियाणं म्हणून बाजूला ठेवलेली कणसं कोणी दळायला घेत नाही, तसं.

सोवळ्यातही वेगळं ठेवणं आहेच, म्हणून दोन्ही शब्द सहज एकमेकांत मिसळतात. पण सोवळं शिवल्यानं मोडतं. जुन्या करारातही ही अडचण दिसते. हाग्गय 2:12-13 मध्ये याजकांना विचारलंय, पवित्र मांस बांधलेला पदर भाकरीला लागला तर भाकरी पवित्र होते का? नाही. आणि प्रेताला शिवलेला माणूस लागला तर विटाळते का? हो. विटाळ पसरतो, पवित्रता पसरत नाही. मार्क 1:41 मध्ये येशू कुष्ठरोग्याला हात लावतो तिथं हे उलटतं. विटाळ येशूकडे येत नाही, रोगी शुद्ध होतो. अचलपूरजवळ कोठाऱ्याला मिशननं कुष्ठरोग्यांसाठी दवाखाना चालवला, त्याच्या मागं हाच उतारा आहे असं मी मानतो. वेचणीवालीच्या मातीच्या हातानं काही बाटत नाही, हे तिला आधी सांगा.

आणखी एक उत्तर

क्रियापदंही पाहा. प्रभूच्या प्रार्थनेत देवाचं नाव पवित्र 'मानले जावो', आज्ञांमध्ये शब्बाथ (विसाव्याचा दिवस) पवित्र 'पाळ', आणि माणसांना नुसतं 'पवित्र जन'. करिंथ शहरातल्या मंडळीचे लोक आपसांत भांडत होते, एकमेकांना कोर्टात खेचत होते, तरी प्रेषित पौल पत्रात त्यांना पवित्रच म्हणतो. आधी नाव मिळालं, मग त्या नावाला साजेसं जगणं. वाशीम-बुलढाण्याकडचं नाझरीन आणि यवतमाळकडचं फ्री मेथडिस्ट ही दोन्ही ख्रिस्ती मंडळं जॉन वेस्ली या इंग्रज धर्मोपदेशकाच्या परंपरेतली, त्यामुळे आपल्याकडं 'पवित्रीकरण' (देवानं माणसाला पवित्र करणं) हा शब्द साक्षीत, म्हणजे आपला अनुभव मंडळीपुढं सांगताना, सारखा येतो. शब्द जड आहे. पाठ होतो, पण चुलीपाशी कोणी वापरत नाही.

उत्तर (बुलढाणा जिल्हा)

माह्या आजीचा शब्द सांगतो ताई : चोख. "मानूस चोख पायजे" असं ते म्हने. चोख सोनं, चोख हिशोब, चोख माप. संस्कृतात 'चोक्ष' म्हंजे शुद्ध, स्वच्छ, त्याचाच हा मराठी लेक. ज्याले लोकायनं विटाळाच्या नावानं देवळाबाहेर ठेवलं त्या संताचं नाव चोखा. त्याचं जन्मगाव आमच्याच जिल्ह्यातलं मेहुणाराजा असं मानतात.

आता लेवीय 19 काढा. दुसऱ्याच वचनात "तुम्ही पवित्र असा" हाये. अन् त्याच्या खाली काय हाये? वावराच्या कडेपर्यंत कापू नका, सरवा (कापणीत खाली राहिलेलं) गरिबासाठी ठेवा (9-10). मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नका (13). तराजू खरा, वजन खरं (35-36). अध्यायात दुसरे नियमही हायेत, पन हे सारखं येते. आमच्याकडं वेचणी किलोवर रायते, संध्याकाळी काट्यावर गाठोडं चढते अन् चुकारा बाजाराच्या दिवशी. त्या काट्यापाशी दोनशे ग्राम कोनाकडं जाते, तिथं पवित्रपन दिसते. मी सोता उपासनेत पुढच्या बाकावर बसून एका हंगामात चुकारा दोन बाजार लांबवला होता. मजुरीवाली काहीच बोलली नाही. तिचं ते गप्प बसनं अजून माह्या मनातून गेलं नाही.

प्रश्नकर्ती

भाऊ, हे मनापासून लिहिलंत, आभार. पण 'पवित्र'च्या जागी सरसकट 'चोख' ठेवता येणार नाही असं मला वाटतं. 'चोख आत्मा' कोणी म्हणणार नाही, आणि देवाची मालकी हा भाग 'चोख'मध्ये येतच नाही. 'चोख' वागण्याला लागतो, म्हणून पेत्राच्या 'आचरणात' या शब्दापाशी तो बरोबर बसतो. "तुम्ही देवाचे आहात, म्हणून वागणं चोख ठेवा" असं सांगून पाहीन.

काल वाचताना जखऱ्या 14:20-21 सापडलं. प्रमुख याजकाच्या सोन्याच्या पाटीवर जे शब्द कोरायचे होते, 'परमेश्वरासाठी पवित्र', तेच शब्द त्या दिवशी घोड्यांच्या घंटांवर असतील आणि यरुशलेमेतलं प्रत्येक भांडंही पवित्र असेल. घोड्याच्या घंटा आमच्या बायकांना लांबच्या. पोळ्याला बैलाच्या गळ्यात बांधतो त्या घुंगरमाळेवर आणि वेचणीला नेतो त्या जेवणाच्या डब्यावर, असं म्हटलं तर? येत्या बुधवारी त्या वेचणीवालीलाच हे वचन वाचायला देणार आहे.

'चोख' तुमच्याकडं माणसाबद्दल बोलताना अजून वापरतात का? अकोला, यवतमाळ, चंद्रपूरकडच्यांनी जरूर लिहा.