मोजमापातली 'एरर': चूक, त्रुटी की तफावत?

उजनीकाठ: प्राणिशास्त्राच्या प्रकल्पाचा मराठी गोषवारा लिहितेय. उजनीच्या आणि हिप्परग्याच्या तलावातल्या चिलापी माशांच्या आकाराची तुलना आहे. फोटोवर ठरावीक जागी बिंदू द्यायचे: तोंडाचं टोक, पाठीवरच्या पराची सुरुवात, कल्ल्याच्या झाकणाची मागची कड. लँडमार्कला 'खूणबिंदू' केलंय. अडलंय 'मेझरमेंट एरर'वर. 'चुका' लिहिलं तर परीक्षक म्हणतील, हिला काम जमलेलं नाही.

चादरवाला: 'त्रुटी' लिहा ताई, शास्त्राच्या पुस्तकात तेच असतं.

उजनीकाठ: पण बिलात त्रुटी काढतात म्हणजे काहीतरी राहून गेलेलं असतं. इथे राहिलं काहीच नाही. तोच फोटो, तोच हात, तरी आजचा बिंदू कालच्यापेक्षा चार पिक्सेल बाजूला.

पार्क चौक: मग 'मापनदोष'?

चादरवाला: 'मापात पाप' वाटतंय की बे ते!

निवृत्त मास्तर: शब्द एक शोधताय, पण गोष्टी दोन आहेत. पराचा पहिला काटा अंगातून निघतो ती जागा नेमकी दिसते. बुकस्टाइन या अभ्यासकानं १९९१मध्ये केलेल्या खूणबिंदूंच्या वर्गवारीतला हा पहिला प्रकार. कल्ल्याची कड मात्र गोल. तिचा 'सगळ्यात मागचा बिंदू' देताना हात मागेपुढे फारसा जात नाही, कडेवरून वर-खाली घसरतो. दहादा बिंदू द्या, ठिपक्यांचा पुंजका लांबट पडेल. हा झाला विखुरलेपणा. पुन्हा पुन्हा मोजून सरासरी घेतली की कमी होतो.

दुसरं म्हणजे कल. तुम्ही काट्याच्या बुडाशी बिंदू देता, मैत्रीण दर वेळी जरा पुढे, कातडीच्या घडीवर. दोघींचा हात पक्का, पण जागा वेगळी. सरासरीनं हे जात नाही. उजनीचे मासे तुम्ही आणि हिप्परग्याचे तिनं मोजले, तर दोघींमधला फरक तलावांमधला फरक म्हणून छापून येईल! वर प्रोक्रस्टीज जुळवणीत, म्हणजे माशांचे बिंदू सरकवून, फिरवून, एका मापाचे करून एकमेकांवर बसवताना, सगळे बिंदू एकत्र बसवतात, त्यामुळे एका बिंदूची घसर बाकीच्यांच्या अंगावरही थोडी थोडी येते.

उजनीकाठ: मग 'मापनजन्य तफावत', आणि तिच्यात विखुरलेपणा व कल वेगळे. नुसतं 'तफावत' नको, माशामाशांतली खरी तफावतही आहेच. सर, माशाचं तोंड उघडं राहिलं की टोकच सरकतं. ते कशात धरू?

निवृत्त मास्तर: ते मासा ट्रेमध्ये मांडण्यातलं. त्याच फोटोवर कितीदाही बिंदू द्या, दिसणार नाही. काही मासे ट्रेमधून उचला, पुन्हा ठेवा, नवा फोटो काढा आणि मग मोजा.

पार्क चौक: आणि मोजताना आधीचे बिंदू झाकून ठेवा, नाहीतर हात आपोआप तिथंच जातो.